इथे फाटलेला आवाज दुरुस्त करून मिळेल

मे महिन्यात नागपुरात व्हॉल्व्हचा ॲम्प चालू करायला एक तर गिटारचं वेड लागतं नाहीतर घरात भांडण हवं असतं. माझ्याकडे दोन्ही आहे. बाहेर ४६ डिग्री, कूलरमध्ये सकाळी भरलेलं पाणी बारा वाजेपर्यंत कोमट, आणि अशात मी मागच्या खोलीत एक असं धूड चालू करतो ज्याच्या पोटात पाच काचेच्या बाटल्या असतात आणि त्या लालबुंद होईपर्यंत काही वाजतच नाही. त्यात कूलर बंद करावा लागतो, कारण कूलरची मोटर गिटारच्या पिकअपमध्ये (तारांचा कंप पकडणाऱ्या चुंबकात) शिरून स्पीकरमधून गुरगुरते. म्हणजे बनियनवर बसायचं, घाम पुसायचा, मिनिटभर वाट बघायची, आणि मग एक ई कॉर्ड. बायको म्हणते हिवाळ्यात चालव, हिटरचं तरी काम होईल. बरोबरच आहे तिचं.

तर हा ॲम्प. ओरिजिनल वगैरे नाही हां, आधीच सांगतो. पुण्याच्या एका हौशी माणसाने मार्शल कंपनीच्या २२०४ च्या, म्हणजे जेसीएम ८०० मालिकेतल्याच एका ॲम्पच्या, सर्किटवरून हाताने बनवलेला ५० वॅटचा हेड (स्पीकर नसलेला नुसता ॲम्प) आहे, मी तो सेकंडहँड घेतला, वीस किलोच्या आसपास वजन, ट्रॅव्हल्सच्या डिकीत गोधडीत गुंडाळून नागपूरला आला. ओरिजिनल जेसीएम ८०० घ्यायचा तर गोष्ट लाखांत जाते, आणि तेवढे पैसे असते तर आधी घराच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग केलं असतं (नसतं केलं, पण म्हणायला).

जेसीएम ८०० हे नाव कुठून आलं माहितीये? जेसीएम म्हणजे जिम मार्शलच्या पूर्ण नावाची आद्याक्षरं, जेम्स चार्ल्स मार्शल, आणि ८०० हा आकडा म्हातारबाबांच्या गाडीच्या नंबरप्लेटवरचा. एवढंच. रॉक आणि मेटलवाल्यांनी ज्या नावाची देवासारखी पूजा केली ते नाव गाडीच्या पाटीवरून उचललेलं. आपल्याकडे कोणी ॲम्पला एमएच ३१ असं नाव दिलं तर पोट्टे हसतील.

आता मुद्द्याचं. गेल्या चार-पाच वर्षांत हे जुने हाय-गेन, म्हणजे आवाज भरपूर फाडणारे, व्हॉल्व्ह ॲम्प पुन्हा जोरात आलेत. माझ्या ओळखीतली विशी-बाविशीची पोरं, जी जन्मापासून लॅपटॉपवर गिटार वाजवतात, ती अचानक ईएल ३४ आणि ६एल६ या दोन व्हॉल्व्हांतला फरक सांगायला लागलीत. मेसा बूगी कंपनीने २०२४ मध्ये चक्क मार्क टू-सी-प्लस परत काढला, ऐंशीच्या दशकातला तो ॲम्प, मेटॅलिकाच्या १९८६ च्या अल्बमवर जो ऐकू येतो. सोल्डानो कंपनीचा एसएलओ ॲम्प परत मिळतो. मार्शलने स्वतःच्याच ८०० चं २० वॅटचं लहान भावंड काढलं. आणि मी विचार करत होतो की काऊन बरं? कारण मधल्या काळात तर सगळ्यांनी यांचं तेराव्याचं जेवणसुद्धा जेवून घेतलं होतं.

पण त्याआधी फाटण्याबद्दल बोलायला पाहिजे.

मराठीत डिस्टॉर्शनला फार चांगला शब्द आहे आणि तो कोणी मुद्दाम तयार केलेला नाही. आवाज फाटतोय. लहानपणी महालात मामाकडे गणपतीला जायचो तेव्हा मंडळाच्या पोराने सकाळी सहाला भोंग्यावर कॅसेट लावली की समोरच्या आजी गॅलरीतून ओरडायच्या, आवाज कमी कर बे, फाटून राहिला! भोंग्याला जेवढं झेपतं त्याच्या दुप्पट ढकललं की गायिकेच्या वरच्या पट्टीला एक करकर यायची, पत्रा चिरल्यासारखी. माझ्या आयुष्यातलं पहिलं डिस्टॉर्शन ते. रात्री ऑर्केस्ट्रा असायचा, त्यातला गिटारवाला चमचमता शर्ट घालून यायचा आणि त्याची गिटार थेट मंडपवाल्याच्या माइकच्या ॲम्प्लिफायरमध्ये खुपसलेली असायची. तीही फाटायची. आणि मला, आता हे कबूल करायला हरकत नाही, बाकीच्या गाण्यापेक्षा ते फाटलेले दोन-चार सेकंदच आवडायचे. वाटायचं की आपल्या कानात काहीतरी गडबड आहे. मग कॉलेजला असताना सीताबर्डीवर एकाकडे कॅसेट भरून मिळायच्या, त्याच्याकडून एक मेटलची टेप आणली आणि घरी लावली तर अख्खीच्या अख्खी टेप फाटलेली! पहिल्यांदा वाटलं हेड घाण झालंय, स्पिरिट लावून पुसलं. तरी तेच. तेव्हा कळलं की जगात काही लोक हे मुद्दाम करतात आणि त्याचे पैसे घेतात.

मुद्दाम करायची गोष्ट म्हणजे कशी, तर व्हॉल्व्हला आवाजाची लाट जेवढी मोठी करता येते त्याला एक मर्यादा आहे, त्याच्यापुढे ढकललं की लाटेचे शेंडे कापले जातात. गोल डोंगराचं पठार होतं. त्या कापलेल्या कडांमधून नवे सूर निघतात जे मूळ तारेत इतके ठळक नव्हते. सुरुवातीला हे व्हायला अख्खा ॲम्प फुल करावा लागायचा. लंडनच्या हॅनवेलमध्ये जिम मार्शलचं ड्रमचं दुकान होतं, १९६२ मध्ये त्याने आणि त्याच्या माणसांनी फेंडरच्या बासमन ॲम्पवरून पहिला ॲम्प केला, मग पोरं म्हणाली अजून मोठा पाहिजे, मग शंभर वॅट, मग भिंतीएवढे कॅबिनेट. आवाज छान फाटायचा पण तोपर्यंत पहिल्या रांगेतल्या माणसाचे कानही फाटायचे. तिकडे कॅलिफोर्नियात मेसा बूगीवाल्या रँडल स्मिथने फेंडरच्या छोट्याशा प्रिन्स्टन ॲम्पच्या पोटात मोठ्या ॲम्पचा जीव घातला, आणि पुढे एका व्हॉल्व्हने फाडलेलं पुढच्याला द्यायचं, त्याने आणखी फाडून तिसऱ्याला द्यायचं, अशी रांगच लावली. फाटण्याचं काम सुरुवातीच्या लहान व्हॉल्व्हकडे, आवाज किती मोठा ते शेवटच्या बटणावर. मार्शलने १९७५ मध्ये मास्टर व्हॉल्यूम, म्हणजे ते शेवटचं बटण, दिलं, १९८१ मध्ये त्याच सर्किटला ८०० चं नाव आणि नवा डबा मिळाला. १९८७ मध्ये सोल्डानो. १९९२ मध्ये पीव्ही कंपनीने एडी व्हॅन हेलन या रॉक गिटारवाल्याबरोबर ५१५० काढला, पुढे एडी कंपनी सोडून गेला तर नाव बदलून ६५०५ केलं, आत तोच ॲम्प. कंपनीची १९६५ ते २००५ ही चाळीस वर्षं म्हणून ६५०५. या ॲम्पवाल्यांना नावं ठेवायची अक्कल खरंच कमी आहे.

एडीवरून आठवलं. तो त्याच्या जुन्या मार्शलला व्हेरिॲक लावायचा, म्हणजे मेन्सचं व्होल्टेज मुद्दाम खाली आणायचं आणि मग ॲम्प फुल करायचा. जगभरचे गिटारवाले त्यासाठी व्हेरिॲक विकत घेतात. आमच्या गल्लीत मे महिन्यात सगळ्यांचे एसी सुरू झाले की रात्री नऊला व्होल्टेज आपोआप एकशे ऐंशी-नव्वदवर येतं. फुकटात.

मग या ॲम्पचं मरण कुठून आलं? कॉम्प्युटरमधून, दुसरं कुठून येणार. १९९८ मध्ये लाइन सिक्सचा पॉड आला, लाल रंगाचं राजमा-दाण्यासारखं दिसणारं यंत्र, त्यात बरेच ॲम्प नकलेच्या रूपात. मग ॲक्स-एफएक्स, मग केंपर, जो म्हणाला की तुमचा स्वतःचाच ॲम्प माझ्यासमोर ठेवा, मी त्याचा ठसा घेतो. आता तर न्यूरल नेटवर्कने ॲम्पची नक्कल करणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. आणि हे सगळं चांगलं आहे हो! मी काही त्या लोकांमधला नाही. माझ्या मनीषनगरच्या मित्राने माझ्याच ॲम्पचा ठसा घेतला, माझीच रिफ दहा वेळा ऐकवली, कधी खरा ॲम्प कधी नक्कल, आणि मला ओळखायला सांगितलं. मी चार बरोबर सांगितले. नाणं उडवलं असतं तर पाच आले असते.

तेव्हापासून मी टोन, वॉर्म्थ, आत्मा वगैरे शब्द वापरणं सोडलंय. डोळे मिटून फरक कळतो म्हणणारे आहेत, त्यांना माझा नमस्कार, मला नाही कळत.

आणि तरी तो ॲम्प विकला नाही. मित्र हसतो. त्याला वाटतं मी हट्टीपणा करून राहिलो. असेलही.

मला वाटतं ही जी नवी लाट आहे ती त्या नकलांमुळेच आलीये. म्हणजे बघा, वीस वर्षांपूर्वी नागपुरातल्या पोराला सोल्डानो हे नाव कुठून कळणार होतं? इथे तर एका मित्राकडे स्ट्रेंजरचा क्यूब ॲम्प होता तेच वैभव, माझ्याकडे गिवसनची गिटार आणि ती टेपरेकॉर्डरच्या माइकच्या भोकात. या सॉफ्टवेअरांनी पोरांना ड्रॉपडाउनमध्ये सगळ्या ॲम्पची नावं पाठ करून दिली, चित्रं दाखवली, बटणं फिरवायला दिली. दहा वर्षं एखाद्या गावाचा नकाशा बघितला की एक दिवस वाटतंच ना जाऊन बघू. दुसरं म्हणजे लोड बॉक्स. व्हॉल्व्ह ॲम्पला स्पीकर न जोडता चालवलं तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, म्हणून त्याला स्पीकरच्या जागी एक खोटं ओझं द्यायचं, त्यात सगळी ताकद उष्णता होऊन जाते, आणि आवाज तारेने लॅपटॉपमध्ये, तिथे स्पीकरचा डिजिटल ठसा लावून हेडफोनमध्ये. शेजाऱ्यांना ठक्क आवाज नाही. म्हणजे ज्या कॉम्प्युटरने ॲम्प घराबाहेर काढला त्याच कॉम्प्युटरने तो परत घरात घेतला, तेही दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये. माझ्याकडे लोड बॉक्स आहे. तोही तापतो. मे महिन्याबद्दल मी वर लिहिलंच आहे.

तर यावर्षी मेच्या दुसऱ्या आठवड्यात ॲम्प हंऽऽऽ करायला लागला. आधी बारीक, मग चालू झाल्यावर पाच मिनिटांनी मोठा, मग मध्येच तळल्यासारखं चर्रर्र. इंटरनेटवर शोधलं तर तेरा कारणं निघाली आणि सगळ्यांच्या शेवटी, स्वतः उघडू नका, जीव जाऊ शकतो. हे मात्र खरं आहे. आत चारशेच्या आसपास व्होल्ट डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही मोठ्या कॅपॅसिटरमध्ये तो दबा धरून बसू शकतो.

मला वाटलं व्हॉल्व्ह गेला असेल. म्हणून बर्डीवर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गेलो आणि शहाणपणा करून (व्हॉल्व्हला ट्यूबही म्हणतात) विचारलं, भाऊ, ट्यूब आहे का? त्याने विचारलं वीस वॅट की चाळीस. मी म्हटलं नाही, ॲम्पची. तो म्हणाला एलईडी घेऊन जा ना, चोकचं झंझट नाही. तिसऱ्या दुकानात एक वयस्कर माणूस निघाला, त्याने माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि म्हणाला, वॉल म्हणता का? रेडिओवाला वॉल? इतवारीत जा. शहीद चौकातून आत. एकजण आहे अजून, जिवंत असला तर.

जिवंत होते. पंच्याहत्तरी सहज ओलांडलेली, दुकान म्हणजे दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेर थांबावं असं, वरती फळीवर लाकडी कॅबिनेटचे मर्फी, बुश, फिलिप्स, कोणाचं कापड फाटलेलं, कोणाची काच गेलेली. एका रेडिओवर आकाशवाणी लागलेली, नागपूर केंद्र, आणि त्या गल्लीतला सगळा होलसेलचा गोंधळ, हमाल, हातगाड्या, स्कूटीचे हॉर्न, यात तो निवेदिकेचा आवाज इतका गोल आणि शांत येत होता की मी एक मिनिट उगाच उभा राहिलो.

"हे काय आणलं रे बापा?" मी ऑटोतून हेड आणि कॅबिनेट उतरवल्यावर काकाजींचा पहिला प्रश्न.

"गिटारचा ॲम्प आहे काकाजी. वॉलचा. हम करून राहिला."

"लाव."

लावला. तो हंऽऽ आला. काकाजींनी मीटरला हात लावला नाही, काही उघडलं नाही, नुसतं डोकं जरा तिरकं केलं आणि म्हणाले, "पन्नासची नाही. शंभरची आहे. कंडेन्सर."

हे मला घरी येऊन समजून घ्यावं लागलं. मेन्सचा करंट सेकंदाला पन्नास फेऱ्यांचा, तो व्हॉल्व्ह तापवणाऱ्या हिटरच्या तारेतून किंवा अर्थिंगमधून शिरला की पन्नासची गुणगुण येते. पण रेक्टिफायर दोन्ही अर्ध्या लाटा एका बाजूला उलटवतो म्हणून त्याच्यापुढचं फिल्टर, म्हणजे तो कंडेन्सर (कॅपॅसिटरच तो), कमजोर झालं की शंभरची येते. बरोबर एक सप्तक वर. म्हणजे आजार कोणता ते सुरावरून कळतं, मी वीस वर्षं गिटार वाजवतो, माझा कान असा आहे तसा आहे म्हणून मिरवतो, आणि मला ते ऐकू आलं नव्हतं.

मग उघडला. काकाजींचा डावा हात पँटच्या खिशात गेला. मला वाटलं काही काढतायत, पण तो तिथेच राहिला. उजव्या हाताने, लांब दांड्याच्या तारेला बांधलेल्या एका जाड रेझिस्टरने, त्यांनी कॅपॅसिटरच्या टोकाला स्पर्श करून ठेवला आणि तोंडाने सावकाश आकडे मोजले, वीसपर्यंत. मग मीटर लावून बघितलं. मग परत एकदा लावून बघितलं. डावा हात तेव्हा कुठे बाहेर आला. "दोन हात लावले की करंट छातीतून जाते," एवढंच बोलले, आणि चष्मा कपाळावरून खाली घेतला.

कंडेन्सर वरून फुगला होता, खाली तपकिरी चीक. तसाच दोन-इन-वन डबा मिळणार नव्हता, त्यांनी ४७ मायक्रोफॅरडचे दोन सुटे काढले, ५०० व्होल्टचे, आणि त्यांना स्लीव्ह घालून, पट्टीने बांधून, जुन्याच्या जागी बसवले. राळेचा धूर पंख्यात गेला. चहा आला. मी विचारलं सर्किट डायग्राम पाहिजे का, मोबाइलवर आहे. ते म्हणाले, "कशाला? ऑडिओ स्टेजच तर आहे. रेडिओमधी असते तशीच. हा वॉल, हा वॉल, हा फेज उलटवायचा, हे दोन पुशपुल." बोट एकेका सॉकेटवरून फिरत गेलं. ज्या माणसाने आयुष्यात हाय-गेन ॲम्प बघितला नाही त्याने तो मला पाच वाक्यांत वाचून दाखवला.

आणि मग बोट थांबलं.

"हे कोणं केलं?"

"काय?"

"याच्या कॅथोडला दहा के लावून ठेवला. इथं दीड के पाहिजे. लय झाला तर दोन पॉइंट सात. अन् बायपासचा कंडेन्सरही नाही. अर्धा झोपलेला आहे हा वॉल." मागे वळून त्यांनी डब्यातून एक रेझिस्टर काढलासुद्धा. "बनवणाऱ्यानं रंग वाचाले गलती केली."

आता ही जागा मला माहीत होती. मार्शलच्या २२०३ आणि २२०४ या दोघांमध्ये दुसऱ्या स्टेजला तो १० के, म्हणजे दहा हजार ओहमचा, रेझिस्टर असतो, सगळ्या हाय-गेनवाल्यांना तो पाठ आहे. इतका मोठा रेझिस्टर लावला की व्हॉल्व्ह जवळजवळ बंद व्हायच्या काठावर बसतो, मग लाट आली की तिची एक बाजू लगेच कापली जाते आणि दुसरी बाजू बराच वेळ तशीच जाते. लंगडी लाट. कोणत्याही रेडिओच्या पुस्तकाप्रमाणे ही चूक आहे. आणि ८०० चा तो दात-ओठ खाल्ल्यासारखा आवाज बराचसा या चुकीत आहे. पुढे आलेल्या कितीतरी हाय-गेन ॲम्पमध्ये ही झोपाळू स्टेज कुठल्या ना कुठल्या रूपात सापडते.

मी म्हटलं, "काकाजी, ते तसंच पाहिजे. ओरिजिनललाही तसंच आहे."

"अबे पण फाटंल ना आवाज."

"फाटायलाच पाहिजे."

चहाचा ग्लास खाली ठेवला त्यांनी. मी गडबडीने सांगायला लागलो, की काकाजी, तंबोऱ्याला नाही का जवारी काढत, घोडीवर दोरा सरकवून तार मुद्दाम झणझणवतात, नुसती तार किती कोरडी वाटते, तसंच हे. मला वाटलं फार भारी मुद्दा काढला. ते म्हणाले, "तंबोऱ्याचं नाव नको घेऊ. साठ वर्सं झाली या दुकानात, लोकं हे फाटणं काढाले मले पैसे देऊन राहिले. अन् तू म्हणतो ठेवा."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही.

पण माणूस कारागीर. दहा केचा रेझिस्टर तसाच ठेवला. ॲम्प आधी सिरीज बल्बवर घेतला, शंभर वॅटचा पिवळा बल्ब भक्कन पेटला आणि हळूहळू मंद झाला, म्हणजे आत कुठे शॉर्ट नाही. मग थेट. हम गेली होती. एवढी शांतता होती की मला वाटलं चालूच नाही. ती चर्रर्र मात्र अजून अधूनमधून यायची, त्यांनी पेन्सिलच्या मागच्या टोकाने एकेका व्हॉल्व्हला टकटक केलं, तिसऱ्याला टिचकी मारली तर स्पीकरमधून डबा पडल्यासारखा आवाज. "हा गेला." माझ्याकडे स्पेअर नव्हता. आता हे व्हॉल्व्ह बनतात कुठे, तर गिटारवाल्यांसाठी मुख्यतः स्लोव्हाकिया, रशियातलं सारातोव आणि चीन, बस. २०२२ च्या मार्चमध्ये रशियाने निर्यात रोखली तेव्हा जगभर बोंब झाली होती, लोकांनी दुप्पट भावाने साठे करून ठेवले. मी मनात ऑनलाइन ऑर्डर, कस्टम, तीन आठवडे असा हिशोब लावत होतो तोवर काकाजी स्टुलावर चढले आणि बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या छोट्या पुठ्ठ्याच्या पेट्या. त्यातल्या एकीवर, रंग उडालेला पण वाचता येत होता, बीईएल, ईसीसी ८३. मला हवा तोच व्हॉल्व्ह.

बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनवले, हे मी वाचलं होतं. आपल्या देशातल्या घराघरांतल्या रेडिओंसाठी. हातात पहिल्यांदाच घेतला. ज्या बाटलीने कोणाच्या तरी घरी बातम्या सांगायच्या होत्या ती आता माझ्या रिफला लागणार.

बसवला. "वाजव आता तुझं ते."

गल्लीत, भर दुपारी, हमालांच्या मधोमध, मी गेन सातवर ठेवला आणि एक ई मारला. समोरच्या प्लास्टिकच्या होलसेलवाल्याचा पोऱ्या दचकून बाहेर आला. एक स्कूटीवाला थांबला. काकाजींच्या चेहऱ्यावर ते भाव होते जे समोरच्या आजींच्या चेहऱ्यावर असायचे, महालात, सकाळी सहाला.

"फाटून राहिला ना."

"हो."

थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग त्यांनी हात लांब केला आणि माझ्या गिटारवरचं व्हॉल्यूमचं बटण, ॲम्पचं नाही, गिटारचं, सावकाश खाली आणलं. "वाजव." मी तोच कॉर्ड वाजवला आणि तो स्वच्छ आला, सहाही तारा वेगवेगळ्या, काचेच्या बरणीत गोट्या टाकल्यासारख्या. अर्धं वर. "वाजव." कडेला थोडी करकर. "जोरात वाजव." फाटला. "हळू." नाही फाटला. बटण तिथेच होतं, फक्त माझा हात बदलला होता. हे त्यांनी आठ-दहा वेळा करून घेतलं, स्वतः गिटारला कधी हात न लावलेल्या माणसाने, एखादी स्टेज स्कोपवर तपासावी तसं, आणि दर वेळी डोकं तेवढंच तिरकं. माझ्या मित्राच्या त्या दहा वेळच्या टेस्टमध्ये हे नव्हतंच, तिथे मी नुसता ऐकत होतो. नक्कल हेही करते, चांगली करते, मला माहितीये. पण माझ्या लॅपटॉपवर आवाज आवडला नाही की मी पुढचा ॲम्प लावतो, पुढे अजून दोनशे आहेत. इथे पुढचा नव्हता, तर हात बदलावा लागला.

"झोपलेला नाही म्हणा तो," काकाजी शेवटी म्हणाले. "काठावर बसला आहे."

पैसे विचारले तर कंडेन्सर, मजुरी धरून साडेसातशे. व्हॉल्व्हचे घेतलेच नाहीत, म्हणाले त्याले आता कोण विचारते, पडलाच होता. मी जबरदस्तीने हजार ठेवले तर अडीचशे परत खिशात कोंबले आणि वर म्हणाले की संध्याकाळी ये कधी, तर्री पोहे खाऊ, पण हे घेऊन नको येऊ.

घरी आल्यावर रात्री, कूलर बंद करून, मागचं पॅनल बसवण्याआधी टॉर्च मारून बघितलं. जुने रेडिओ मेकॅनिक चॅसिसच्या आत पेन्सिलने तारीख टाकतात हे मामाच्या रेडिओत बघितलं होतं. इथेही होती, नव्या कंडेन्सरच्या बाजूला, तारीख आणि एक लपेटदार सही. आणि जरा पलीकडे, त्या दहा केच्या रेझिस्टरपाशी बाण काढून, त्याच अक्षरात लिहिलेलं, माझ्यानंतर हा डबा उघडेल त्याच्यासाठी:

"असाच आहे. बदलू नये."